आठवी पास, सिक्स-जी

पाइप सहा इंची, शेड्यूल ८०, म्हणजे भिंत जवळजवळ ११ मिलिमीटर जाड. तो ४५ अंशांत तिरका करून स्टँडला घट्ट बांधलेला. पाइप हलवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. घड्याळाच्या तबकडीवर सहा वाजतात तिथून, म्हणजे थेट खालून सुरुवात. एका बाजूनं नऊवरून बारापर्यंत चढायचं, मग परत खाली येऊन तीनवरून बारापर्यंत. या पोझिशनला सिक्स-जी म्हणतात. आखातात तेलाच्या कारखान्यांत पाइप वेल्डर म्हणून जायचं असेल, तर आधी मुंबईच्या आसपास कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये हे करून दाखवावं लागतं. याचं नाव ट्रेड टेस्ट.

तळोज्याच्या अशा एका शेडमध्ये मी आमच्या वाडीतल्या एका मुलासोबत गेलो होतो. खेड तालुक्यातला, आठवी पास. आयटीआयला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आणि त्याला आठवी चालते, तेवढं त्यानं केलं. मग लोट्याच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांची कामं, नंतर ठेकेदाराबरोबर जामनगरच्या रिफायनरीत शटडाऊन, म्हणजे कारखाना थांबवून केलेली दुरुस्तीची कामं. जामनगर म्हटल्यावर एजंटचा आवाज बदलतो, हे मी फोनवर ऐकलं होतं.

पाइपच्या जोडायच्या दोन्ही तुकड्यांच्या कडा साडेसदतीस अंशांत उतरत्या कापलेल्या. त्यानं त्या ग्राइंडरनं चमकेपर्यंत घासल्या, मध्ये जेमतेम तीन मिलिमीटरची फट ठेवली आणि टॅक मारले. पहिला थर, रूट, आर्गॉन वायूत टिगनं भरायचा. सगळी परीक्षा या पहिल्या थरात आहे. फटीच्या कडा वितळून पुढे एक बारीक भोक सरकत राहायला हवं. ते मोठं झालं तर धातू आत गळतो, बुजलं तर आतून सांधा बसतच नाही. खालच्या भागात तो जमिनीवर जवळपास आडवा पडून काम करत होता. बारा वाजण्याच्या जागी दोन्ही बाजू मिळाल्या तेव्हा त्यानं काच वर केली आणि एकदाच आमच्या दिशेनं पाहिलं.

कंपनीचा माणूस टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आला. पाइपच्या आत डोकावून त्यानं सगळी गोलाई पाहिली, विशेषतः सहा वाजण्याची जागा, कारण तिथं गुरुत्वाकर्षणानं धातू बाहेर ओढला जातो आणि आत खळगा पडतो. तो काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे पुढे चालू. मग ओव्हनमधून ७०१८चे गरम रॉड आले. हे रॉड दमट चालत नाहीत. ओलाव्यातला हायड्रोजन धातूत गेला की नंतर तडे जातात. आपल्या कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडं पाकीट ठेवून वेल्डिंग शिकलेल्यांना ही शिस्त अंगवळणी पाडायला वेळ लागतो. शेवटी कॅपिंग: जिताड्याच्या खवल्यांसारखे एकावर एक बसलेले थर, कडेला कुठंही अंडरकट, म्हणजे खाच, नाही. कॅपवर ग्राइंडर लावायला मनाई, म्हणजे हाताची चूक हातानं झाकता येत नाही.

सांध्याच्या पट्ट्या कापून, वाकवून पाहिल्या. भेग नव्हती. मुलाखत दोन प्रश्नांची: शटडाऊन किती केले, आणि पासपोर्ट कुठाय. पासपोर्ट दिला तसा तो एजन्सीच्या खणात गेला. सौदीतल्या जुबैलला, एका ठेकेदार कंपनीत, दोन वर्षांचा करार.

हातांची परीक्षा अर्ध्या दिवसात संपली. त्यानंतर जे चालू झालं त्यात वेल्डिंगचा संबंध जवळपास नव्हता.

मेडिकल आधी. आखाती देशांसाठीची ही तपासणी आता ‘वाफिद’ या ऑनलाइन व्यवस्थेतून होते; जुनी माणसं अजून ‘गामका’च म्हणतात. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. हेपटायटिस किंवा एचआयव्ही निघाला तर प्रश्न मिटला. पण जास्त माणसं हबकतात ती एक्स-रेला. लहानपणी कधी टीबी होऊन पूर्ण बरा झालेला असला, तरी फुप्फुसावर राहिलेला जुना व्रण फिल्मवर दिसतो आणि शेरा पडतो ‘अनफिट’. माणूस ठणठणीत, थुंकीत काही नाही, तरी उपयोग शून्य. रांगेत आमच्या पुढे असलेला एक फिटर याच कारणानं परत गेला. त्याची ट्रेड टेस्ट कितीही झकास झालेली असो.

मग व्हिसावरचा धंदा. सौदी कंपनीला व्हिसे मिळतात ते ठरावीक धंद्यांचे आणि ठरावीक संख्येनं. वेल्डरचे संपले की एजंट सहज म्हणतो, प्लंबरवर पाठवतो, तिकडे गेल्यावर काम वेल्डिंगचंच. पूर्वी हे खपून जायचं. आता सौदीनं ‘तकामुल’मार्फत भारतातच कौशल्य पडताळणी सुरू केली आहे, आणि ती व्हिसावर लिहिलेल्या धंद्याची होते. म्हणजे सिक्स-जी मारणारा माणूस प्लंबिंगच्या प्रश्नांपुढे बसणार. आमच्या मुलाच्या कागदावर सुदैवानं वेल्डरच होतं. ते त्यानं स्वतः विचारून पाहिलं, कारण जामनगरच्या खोलीत एकानं त्याला हा किस्सा सांगितला होता.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कायद्यानं एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. गावात कुणालाही विचारा, आकडा लाखाच्या पुढूनच सुरू होतो आणि पावतीचा विषय निघाला की समोरचा हसतो.

आता मूळ मुद्दा. हा मुलगा दहावी नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे: सौदी, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागणार. ही व्यवस्था १९८३च्या एमिग्रेशन कायद्यातली. वाडीत ईसीआर म्हणजे कमीपणा. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ‘पासपोर्ट क्लीन आहे ना’ असं विचारलेलं मी ऐकलंय.

पण त्याच्या कागदांचा गठ्ठा पुढे सरकताना पाहिला आणि मला उलटंच दिसायला लागलं. ट्रेड टेस्ट, एक्स-रे, कौशल्य पडताळणी, सगळीकडे तपासला जातो तो कामगार. मालकाची तपासणी कुठंतरी होते का? होते, ती फक्त या ईसीआरच्या रस्त्यावर. परदेशी मालकाला ‘ई-मायग्रेट’वर नोंदणी करावी लागते, किती माणसं हवीत ते लिहून द्यावं लागतं, कराराचा मसुदा चढवावा लागतो. भारत सरकारनं त्या देशासाठी आणि त्या कामासाठी ठरवलेल्या किमान पगाराखाली तो जाता कामा नये. ज्याच्याविरुद्ध तक्रारी आहेत त्या मालकाला अडवता येतं. मग मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयातून मंजुरी. शिवाय प्रवासी भारतीय विमा सक्तीचा: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. एवढ्या स्वस्तात एवढं संरक्षण याच रस्त्यावर आहे.

दहावी पास झालेल्या पोराला यातलं काहीच बंधनकारक नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या फिटरला नाही, तीन वर्षं परदेशात राहून आलेल्याला नाही. कायद्याचं गृहीतक असं, की शिकलेला माणूस स्वतःचं बघेल. नर्सच्या बाबतीत ते खोटं ठरलं, तेव्हा २०१५ मध्ये त्यांना दहावी-पदवी न बघता मंजुरी सक्तीची झाली. बाकीच्यांनाही १ जानेवारी २०१९पासून निदान नोंदणी करायला लावणार होते. तो निर्णय लागू होण्याआधीच बाजूला ठेवला गेला. म्हणून आमच्याकडचा बारावी झालेला, ‘क्लीन’ पासपोर्टवाला मुलगा व्हिजिट व्हिसावर दुबईला जातो, एका खोलीत सहाजणांत झोपून नोकरी शोधतो, आणि कराराची प्रत भारतात कुणाकडेच नसते. आझाद व्हिसावर, म्हणजे नावापुरता मालक दाखवून, गेलेल्याचं तर त्याहून वाईट, कारण कागदावरचा मालक त्याला कामच देत नाही. उद्या पगार थांबला तर दूतावासात दाखवायला काय आहे?

हे मी त्या मुलाला सांगत होतो तेव्हा त्यानं मोबाइलवर १७ नंबरचा फॉर्म उघडलेला होता. बाहेरून दहावी द्यायची आणि ईसीआर काढून टाकायचं.

“दहावी कर,” मी म्हटलं, “पण या वेळी याच पासपोर्टवर जा.”

“काका, एअरपोर्टवर ईसीआर बघितलं की लायनीतून बाजूला काढतात. दहा प्रश्न विचारतात. तुम्हाला नाय काढणार.”

खरं होतं. मंजुरीचा कागद हातात असतानाही इमिग्रेशनच्या खिडकीवर त्याच्याशी ज्या स्वरात बोलतात, तो स्वर माझ्या वाट्याला येत नाही. दहा लाखांच्या विम्याचं पारडं त्याला हलकं वाटत असेल तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं?

व्हिसा क्यूआर कोडच्या कागदावर आला. सौदीनं पासपोर्टात स्टिकर चिकटवणं २०२३ मध्ये भारतीयांसाठी बंद केलं. जाण्याआधीचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथं त्याला सांगितलं की इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, मालकानं ९० दिवसांत काढून द्यायचा असतो, आणि कराराची एक प्रत घरी ठेवून जा. प्रत त्यानं मला व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा तो जुबैलला असणार, म्हणून १७ नंबरचा फॉर्म शेवटी धाकट्या भावाच्या नावानं भरला. तोही लोट्यात वेल्डिंगच शिकतोय.