जाड भिंतीच्या आत काय आहे?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेलं घर, तेही खेड्यातलं आणि जुनं, विकत घ्यायचं असेल तर काय पाहावं? त्याबद्दल म्हण काहीच सांगत नाही. आपल्या होस्टेलवरच्या निम्म्या जणांचं गावाकडे घर आहे, आणि रिटायर झाल्यावर गावाकडे घर घ्यायचं असं आपल्या कितीतरी सरांच्याही मनात असतं. म्हणून मला आलेला एक अनुभव आणि त्यातून शिकलेलं थोडंफार सिव्हिल इंजिनिअरिंग इथे मांडते.

माझे मामा एसटीतून निवृत्त झाले. त्यांना धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या एका गावात जुना वाडा मिळत होता. ढेळज, मधे चौक, तीन बाजूंनी माळवदाच्या खोल्या, सागवानी खांब. किंमतही आवाक्यातली. घरात सिव्हिलवाली मी एकटीच, त्यामुळे मला सोबत नेलं. मी टेप काढला, भिंत मोजली. अडीच फूट! आपल्या होस्टेलची भिंत नऊ इंची. मी लगेच निकाल दिला, "मामा, बिनधास्त घ्या. किल्ला आहे किल्ला!"

मामी ओसरीवर उभी होती. आत यायला तयार नव्हती. ती एवढंच म्हणाली, "भिंत जाड हाय गं, पण आत काय हाय?"

मला वाटलं, मामीला भीती वाटते आहे. तिचं माहेर सास्तूरजवळचं. १९९३ च्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ भिंतीखाली गेला. मी तिची समजूत काढायला गेले. खरं तर त्या दिवशी आमच्यात इंजिनिअरचा प्रश्न फक्त तिनेच विचारला होता.

किल्लारीने काय शिकवलं

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागाला भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता ६.२ च्या आसपास. सुमारे ८,००० माणसं गेली. किल्लारी, सास्तूर अशी गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. पुढे ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली.

आता याच्याशी तुलना करा. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा भूकंप झाला. तोही पहाटे, माणसं झोपेत असताना. तिथे मृत्यू साठच्या आसपास. भूकंपाची खोली, जमीन अशा बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात हे मान्य, पण सगळ्यात मोठा फरक घरांचा होता. आमचे सर वर्गात म्हणाले होते की भूकंप माणसं मारत नाही, घरं मारतात. तेव्हा मी ते वाक्य परीक्षेसाठी लिहून घेतलं होतं!

त्यावेळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर झोन तीनमध्ये गेला. गावातल्या कितीतरी जुन्या भिंती मात्र त्याआधीच्याच आहेत.

दोन पानांची भिंत

आमच्या निकालावर मामा इसार द्यायला निघाले होते. मामीमुळे थांबले. लातूरहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले, सोबत गावातले एक म्हातारे मिस्त्री. मला तर कॉलेजच्या लॅबमधला रिबाउंड हॅमर न्यायचा होता. इंजिनिअर हसले. तो काँक्रीटसाठी, दगड-मातीच्या भिंतीवर त्याचा आकडा काहीच सांगत नाही. त्यांची हत्यारं म्हणजे ओळंबा, टेप, टॉर्च, लांब स्क्रू-ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि वही.

घरमालकाची लेखी परवानगी घेऊन त्यांनी आतल्या बाजूने एके ठिकाणी भिंत उघडली. एक दगड काढला, फूटभर भोक पाडलं. आत काय होतं? बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा थर, आणि मधे बारीक चिपा आणि भुसभुशीत झालेली माती. अडीच फुटाची एक भिंत नव्हतीच ती. एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या दोन बारीक भिंती होत्या. हादरा बसला की मधली माती खाली दबते, दोन्ही थरांना बाहेर ढकलते, आणि एक थर घरात पडतो, एक गल्लीत.

हे टाळायला भिंतीत आरपार दगड लागतात, म्हणजे या तोंडापासून त्या तोंडापर्यंत एकच लांब दगड. आयएस १३८२८ हा कोड सांगतो की उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा दगड हवा. त्याच कोडप्रमाणे अशी दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. म्हणजे ज्या जाडीवर मी खूश झाले होते, ती कोडच्या दृष्टीने दोषच होता. मिस्त्री म्हणाले, "बाळा, जाडी बघून भुलू नगंस. दगडाला दगड धरून हाय का ते बघ."

बाहेरून ओळखायची खूण म्हणजे फुगवटा. वरून ओळंबा सोडला, तर चौकाच्या उत्तरेच्या भिंतीला मधेच दोन इंच पोट आलेलं निघालं. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं, कारण वरून नवा रंग होता. विकायच्या घराला नुकताच रंग किंवा गिलावा दिसला की तिथेच जास्त थांबायचं, ही त्या दिवशीची पहिली शिकवण.

डोक्यावरचा ट्रक

माळवद म्हणजे लाकडी सरांवर फळ्या किंवा किलचण, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा मस्त. पण पावसाळ्यापूर्वी गळू नये म्हणून दरवर्षी वरून नवी माती टाकतात, जुनी कोणी काढत नाही. आजोबांची माती, वडिलांची माती, मुलाची माती. आम्ही छताच्या उजेडाच्या भोकातून टेप घातला, तर थर २२ इंच!

हिशोब करून पाहा. दहा फूट बाय दहा फूट खोली म्हणजे ९.३ चौरस मीटर. २२ इंच म्हणजे ०.५६ मीटर. माती ५.२ घनमीटर. एका घनमीटरला १.६ टन धरले तर आठ टनांच्या वर. म्हणजे भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून आपण खाली गादी टाकून झोपतो. पावसात भिजली की वजन आणखी वाढतं. आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात असतो, हे आपण शिकतोच.

हा ट्रक कशावर उभा आहे ते पुढे पाहायचं. जुन्या खणाच्या घरात लाकडी खांब आणि तुळया असतात. १९९३ मध्ये काही घरांच्या भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. त्यामुळे सांगाडा चांगला असेल तर जुनं घर वाचवता येतं. लाकूड कुजतं ते मात्र दिसतं तिथे नाही, भिंतीत घुसलेल्या टोकाला. तिथे ओल असते, वाळवी असते. प्रत्येक सराच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचायचा. चौदापैकी अकरा सर टणक निघाले. तिघांत तो लोण्यात गेल्यासारखा गेला.

जमीन, पाणी आणि पेव

मिस्त्रींनी विचारलं, "बळद कुठं हाय? आन् पेव?" माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. बळद म्हटल्यावर मला बैल आठवला. बळद म्हणजे घरातच, भिंतीच्या आडोशाला केलेली धान्याची बंद कोठी. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. बळद जिथे भिंतीत खणलेलं असतं तिथे भिंत पोकळ. पेव बुजवलेलं नसेल, किंवा कचऱ्याने बुजवलेलं असेल, तर वरचा खांब कधीतरी खचतो. आमच्या वाड्यात पेव निघालं नेमकं ढेळजेत, शेजारच्या आजींनी जागा दाखवली तेव्हा. कागदावर ते कुठेच नव्हतं. (जुन्या पेवात उतरायचं नाही. आत हवा दूषित असते.) मला वाटतं, घराच्या भागांची नावं आली नाहीत तर त्याचा सर्व्हेही धड करता येत नाही. ही नावं मला सिलॅबसमध्ये भेटली नव्हती.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घर तिच्यावर असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग दिसली तर पायाशी तीन-चार फूट खड्डा घेऊन पाया मुरमावर आहे का मातीवर, ते पाहायचं. भेग जुनी आणि शांत आहे की वाढते आहे हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची. शक्य असेल तर घर दोनदा पाहावं, मे महिन्यात आणि श्रावणात.

मग पाणी. न्हाणीचं पाणी कुठे जातं? पन्हाळं भिंतीवरच गळतं का? जोत्याला लोणा लागलाय का? आमच्या उत्तरेच्या भिंतीच्या फुगवट्याचं कारण पलीकडच्या बाजूला सापडलं. न्हाणीची मोरी वर्षानुवर्षं पायात मुरत होती.

आणखी एक गोष्ट या भागात खास पाहावी लागते. भूकंपानंतर दुरुस्तीसाठी सरकारी मदत मिळाली. पण पुष्कळ लोकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी विटांची खोली काढली. झोपायला ती, बाकी संसार जुन्यात. अशी खोली असेल तर तिचा स्लॅब जुन्या दगडी भिंतीवर टेकलाय का ते बघा. स्वतंत्र असेल तर मधल्या उभ्या भेगेला घाबरायचं कारण नाही. टेकलेला असेल तर जुनी भिंत पडताना नवीन खोलीलाही घेऊन जाईल. आमच्या वाड्यात तो टेकलेला होता.

मग घर घेतलं का?

रिपोर्ट अकरा पानांचा आला. नकाशा, प्रत्येक खोलीचे फोटो, भेगांची यादी, आणि शेवटी तीन रकाने: काय ठेवायचं, काय दुरुस्त करायचं, काय पाडायचं. खर्च आला एका चांगल्या मोबाइलएवढा.

दुरुस्ती अशक्य नव्हती. हे काम १९९३ नंतर याच भागात झालेलं आहे. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात, म्हणजे आरपार दगडाचं काम ते करतं. दारांच्या वर चारी भिंतींना फिरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा देतात. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेके मारतात. आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी काम म्हणजे छतावरची जादा माती उतरवणं.

मामांनी तो रिपोर्टच मालकांसमोर ठेवला. मालक आधी चिडले, "चार पिढ्या राहिलो, काय झालं?" मग दोन दिवसांनी त्यांनीच निरोप पाठवला. दुरुस्तीच्या अंदाजातली निम्मी रक्कम किमतीतून कमी झाली. उत्तरेची भिंत पाडून नव्याने बांधली, न्हाणी हलवली, पेव मुरूम भरून ठोकून घेतलं, नव्या खोलीच्या स्लॅबला स्वतंत्र खांब दिले, तीन सर बदलले. माळवदावरून माती उतरवली तेव्हा किती ट्रॉल्या निघाल्या हे मोजायला मामी स्वतः चौकात बसली होती.

तुमच्याही घरी असा विषय निघाला, तर इसार देण्याआधी एवढं नक्की करा:

१. घर पावसात एकदा आणि उन्हात एकदा पाहा. शेजारच्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला.

२. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि स्थानिक मिस्त्री, दोघांना एकत्र न्या. एकाला कोड माहीत असतो, दुसऱ्याला घर.

३. निदान एका जागी भिंत उघडून पाहा. मालक नाही म्हणाला, तर ते का, हे स्वतःला विचारा.

४. माळवदाच्या मातीची जाडी मोजा आणि सरांची टोकं टोचून पाहा.

५. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि मगच किंमत बोला.

६. कागदपत्रं वकिलाला दाखवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही.

मित्रांनो, आपण चार वर्षं बीम आणि कॉलम सोडवतो. पण घरचे लोक विश्वासाने "कसं आहे घर?" असं विचारतात, तेव्हा आपल्या एका शब्दावर कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी लागते, आणि त्या छताखाली माणसं झोपतात. माझा शब्द त्या दिवशी चुकला होता. मामीने तो पैशात उतरू दिला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेले होते. मामी आतल्या खोलीत झोपली होती, पंखा लावून, दार उघडं ठेवून. दार उघडं ठेवण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.