चार वजनांचा मण

दुकानदाराजवळ १, ३, ९ आणि २७ शेरांची अशी चारच वजने आहेत. एवढ्या सामग्रीवर एका शेरापासून ४० शेरांपर्यंत, म्हणजे भरल्या मणापर्यंत, पूर्ण शेरांचा कोणताही माल त्याला तोलता येईल काय? फ्रेंच गणिती बाशे याने १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या कोड्यांच्या पुस्तकात अशाच चार वजनांचा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे. मात्र वजने दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मोकळीक हवी. मण-शेर व्यवहारातून गेले. तथापि चाळिसाशी त्यांचा मेळ असा बसतो की, येथे तेच माप सोयीचे.

समजा, २३ शेर गूळ तोलावयाचा आहे. गुळाच्या पारड्यात ३ व १ ही वजने टाकावीत आणि समोर २७ चे ठेवावे. काटा मध्यावर येतो.

हे सुचावे कसे? नित्याच्या लेखनात प्रत्येक स्थानाची किंमत उजवीकडील स्थानाच्या दसपट असते. ती तिप्पट धरली, तर स्थाने १, ३, ९, २७ अशी होतात व ०, १, २ एवढेच अंक पुरतात. तेवीस म्हणजे दोन नव, एक त्रिक व दोन एकं. म्हणून लेखन २१२. परंतु 'दोन' हा अंक तराजूला अडचणीचा, कारण प्रत्येक वजन एकेकच आहे. तेव्हा दोनाच्या जागी 'तीन उणे एक' म्हणावे: उणे एक तेथेच मांडावा आणि हातचा एक डावीकडे न्यावा. एकंस्थानी उणे एक आला. हातचा मिळून त्रिकांच्या स्थानी दोन झाले. तेथेही उणे एक. पुढे नवांच्या स्थानी तीन भरले, म्हणून तेथे शून्य, आणि हातचा एक सत्ताविसांच्या स्थानी. उणे अंकाचे वजन मालासोबत बसते. मुलांनी हे एकदा चिंचोके मांडून केले की पाठ करावे लागत नाही.

ही मांडणी प्रत्येक संख्येस एकच असते. प्रत्येक वजनाला जागा तीन: समोर, मालासोबत किंवा बाजूला. चार वजनांच्या मांडण्या म्हणून ८१; आणि उणे ४० पासून अधिक ४० पर्यंत, शून्य धरून, संख्याही ८१ च. प्रत्येकीला एक मांडणी मिळाली की दुसरीसाठी काही उरतच नाही.

सम-विषमाची गंमत निराळी. त्रिमान लेखनात शेवटचा अंक पाहून भागत नाही: ११ म्हणजे चार, सम, २१ म्हणजे सात, विषम. येथे अंकांची बेरीज पाहावी, कारण तिनाचा प्रत्येक घात विषम असतो. म्हणूनच सम शेरांच्या मालाला वजनेही समसंख्य लागतात.

इंग्लंडमधील टॉरिंग्टन गावच्या टॉमस फाउलरने याच अंकांवर चालणारे लाकडी गणनयंत्र १८४० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात दाखविले. गणित तो स्वतःच शिकला होता. पूर्वी एक शोध इतरांनी लुबाडल्यामुळे त्याने आराखडे कोणास दिले नाहीत. १८४३ साली तो वारला. यंत्र राहिले नाही, पाहणाऱ्यांनी लिहिलेली वर्णने तेवढी राहिली. त्याच अंकांचा 'सेतुन' हा विद्युत-संगणक मॉस्को विद्यापीठात ब्रुसेंत्सोव्ह यांनी सिद्ध केला, तो १९५८ साली.