पॉलिसीचा ताकाही मोजून घ्या

कापडाचा ताका हातात आला की त्यावर छापलेल्या मीटरवर आपण भरवसा ठेवत नाही. मोजतो, मगच पैसे चुकते करतो. मेडिक्लेम घेताना मात्र आपले बहुतेक व्यापारी बंधू आणि कारागीर दोनच आकडे पाहतात. हप्ता किती आणि विमा किती लाखांचा? बिलातले किती पैसे आपल्याच खिशातून जाणार, हा तिसरा आकडा रुग्णालयाच्या काउंटरवर कळतो. तेव्हा सुताच्या खरेदीसाठी ठेवलेली रक्कम मोडावी लागते आणि माग बंद पडतात. म्हणून हा कपातीचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली कपात खोलीभाड्याची. काही पॉलिसींत रोजचे भाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मंजूर असते. समजा, विमा ३ लाखांचा आहे. म्हणजे भाडे ३,००० रुपये. रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. आपल्याला वाटते, फरकाचे १५,००० भरले की सुटलो. तसे होत नाही. खोली दुप्पट दराची, म्हणून डॉक्टरांची फी, नर्सिंग आणि ऑपरेशन थिएटर यांचेही निम्मेच पैसे मिळतात. हा खर्च १ लाख, औषधे व तपासण्या ४०,००० आणि भाडे ३०,००० धरले तर बिल १ लाख ७० हजारांचे. कंपनी देणार १ लाख ५ हजार. ६५,००० आपल्या अंगावर. मात्र औषधे, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूच्या खर्चाला ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या.

दुसरी कपात डिडक्टिबलची. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्यापुढचा कंपनीचा. म्हणून अशा टॉप-अप पॉलिसीचा हप्ता कमी असतो. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. डिडक्टिबल ५ लाख आहे आणि वर्षात ३-३ लाखांची दोन बिले झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे धरतो, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि १ लाख देतो.

तिसरी कपात को-पेची. वीस टक्के को-पे असेल तर मंजूर झालेल्या प्रत्येक लाखामागे २०,००० आपण भरायचे. वयस्क आईवडिलांच्या पॉलिसीत ही अट बरेचदा असते.

आता नेटवर्कचा प्रश्न. कंपनीचा करार असलेल्या रुग्णालयात कॅशलेस होते. बाहेरच्या रुग्णालयात साधारणपणे आधी रोकड भरावी लागते आणि मूळ बिले व डिस्चार्ज कार्ड देऊन ती नंतर मागावी लागते. नेटवर्कबाहेरही कॅशलेस देण्याची योजना विमा कंपन्यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. त्यासाठी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची खबर ४८ तास आधी आणि तातडीच्या भरतीची ४८ तासांच्या आत द्यावी लागते. पण रुग्णालयही तयार हवे. म्हणून आपल्या गावातले आणि जवळच्या मोठ्या शहरातले कोणते रुग्णालय यादीत आहे, ते आजच पाहून ठेवा.

मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तर अर्जात स्पष्ट लिहा. एजंट "लिहू नका" म्हणाला तरी लिहा. २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. लपवले तर सलग पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत कंपनी त्या कारणावर क्लेम नाकारू शकते, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत खोलीभाडे, डिडक्टिबल, को-पे आणि नेटवर्क या चार गोष्टी वाचून काढा. समजत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या आणि चारही आकडे पॉलिसीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. अडचणीच्या रात्री पाकीट घरातल्या कोणाच्याही हाती लागेल.