दातांचा हिशेब

हे शीर्षक वाचून आपल्यातील दंतवैद्य मित्र सरसावून बसतील. परंतु हा लेख त्यांच्या प्रांतातला नाही. शर्यतीच्या मोटारीतील शेवटच्या गिअरला किती दात असावेत, या प्रश्नाविषयी तो आहे. बालरोगतज्ज्ञाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. लिंबायतमध्ये दवाखाना चालविणाऱ्यासमोर एकेकाळी दम्याने धापा टाकणारी मुले पुढे अभियांत्रिकीला जातात आणि आपले नवे प्रश्न घेऊन त्याच बाकावर येऊन बसतात, एवढेच त्याचे उत्तर.

विद्यार्थ्यांनी स्वतः एका आसनाची शर्यतीची गाडी रचावी, बांधावी आणि चालवावी, ही कल्पना अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९८१ साली 'फॉर्म्युला एसएई' या नावाने रुजली. आपल्याकडे कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणारी 'फॉर्म्युला भारत' ही त्याच कुळातली स्पर्धा. पेट्रोल इंजिन ७१० सीसीपर्यंतचे चालते. मात्र त्याला लागणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून घ्यावी लागते. आपल्या देशातील अनेक संघांनी यासाठी २०१३ साली बाजारात आलेल्या केटीएम ड्यूक ३९० या मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन पसंत केले. ते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होत असे, हे सांगताना मराठी मनाला थोडे बरे वाटते.

माझा हा जुना बालरुग्ण अशाच एका संघात होता. वडील जळगाव जिल्ह्यातून आलेले, यंत्रमागावरचे कारागीर. आई घरी साड्यांना टिकल्या लावते. मुलाने अभ्यासाचे शेवटचे वर्ष 'गाडीच्या खेळात' घालवावे, हे वडिलांना पटत नव्हते. कोइंबतूरच्या प्रवासाचे पैसे द्यावेत की नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती. इकडे संघातही दोन तट पडले होते, आणि वादाचे कारण होते स्प्रॉकेटचे दात.

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून बाहेर पडते, तरीही ती चाकांसाठी फार जास्त असते. म्हणून शेवटी आणखी एकदा ती कमी करावी लागते. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या मोठ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हे काम क्राउन आणि पिनियन करतात. ही जोडी एकमेकींशी जुळवूनच बसवलेली असते, त्यामुळे बदलायची तर दोन्ही एकदमच. या मुलांच्या गाडीत तेच काम साखळी आणि दोन स्प्रॉकेट करतात. मोटारसायकलवर पुढे १५ आणि मागे ४५ दात, म्हणजे प्रमाण ३. रस्त्यावरच्या दुचाकीला ते योग्यच आहे. पण स्पर्धेच्या मार्गावर वळणामागून वळणे. सहनशक्तीच्या शर्यतीत सरासरी वेग ताशी पन्नासच्या आसपास आणि सर्वाधिक वेग साधारण १०५ किलोमीटर राहील, अशा बेताने तो आखला जातो.

मुलाने वहीत मांडलेला हिशेब सोपा करून देतो. समजा, इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत आहे आणि वरच्या गिअरमध्ये ती गती २.२५ पटीने कमी होऊन ४,००० वर आली आहे. चाकाचा परीघ १.६४ मीटर धरू. शेवटचे प्रमाण ३ असेल, तर गाडी ताशी १३१ किलोमीटरने धावेल. हा वेग त्या मार्गावर कधीच गाठता येणार नाही, म्हणजे वरचा गिअर जवळजवळ फुकट गेला. प्रमाण ३.७५ घेतले की वेग बरोबर १०५ वर येतो आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर पाव पटीने वाढतो. प्रमाण ४ केले, तर जोर मूळच्या एक तृतीयांशाने वाढतो. पण वेग ९८ वरच अडतो.

एका तटाला ४ हवे होते. ७५ मीटरच्या सरळ धावेत गाडी बाणासारखी सुटेल, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या तटाचे उत्तर असे की, टायरची पकड जेवढी तेवढाच जोर जमिनीला मिळतो, उरलेला चाक जागीच फिरवण्यात जातो. शिवाय गिअर लवकर लवकर बदलावे लागतात आणि प्रत्येक बदलात थोडा वेळ निसटतो. त्यापलीकडे, सर्वांत जास्त गुण २२ किलोमीटरच्या सहनशक्तीच्या शर्यतीला असतात, आणि जळालेल्या इंधनाचेही गुण असतात.

मला हे ऐकताना नवजात अर्भकाचे हृदय आठवले. ते मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडते. एका ठोक्यातील रक्त फारसे वाढवता येत नसल्याने गरज पडली की त्याला मुख्यतः ठोकेच वाढवावे लागतात. आधीच वरच्या फेऱ्यांवर चालणाऱ्याजवळ राखीव शक्ती थोडी असते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही.

निर्णय मात्र माझ्या उपमेने झाला नाही. त्या दिवशी वडीलही मुलाबरोबर आले होते. बराच वेळ ते वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तर आमचं चेंज व्हीलच झालं. लूम तोच, मोटर तीच. पण दात बदलले की इंचातले पीक बदलतात. पीक वाढवले तर कापड घट्ट येतं, पण दिवसाचे मीटर कमी निघतात. म्हणून आधी विचारायचं, माल कोणता पाहिजे? मग दात मोजायचे." नंतर मुलाकडे वळून त्यांनी विचारले, "तुमचा माल कोणता रे? पाऊण मिनिटाचा की बावीस किलोमीटरचा?"

पाऊण मिनिट हा आकडा चुकीचा होता. ७५ मीटरला पाच-सहा सेकंदही पुष्कळ होतात. पण प्रश्न अचूक होता. संघाने शेवटी पुढे १३ आणि मागे ४९ दात घेतले. प्रमाण ३.७७. या संख्यांची निवडही विचारपूर्वक होती: साखळीच्या कड्या सम असतात, दात विषम असले की त्याच दातावर पुन्हा पुन्हा तीच कडी येत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. मागचे स्प्रॉकेट उधन्याच्या एका कारखान्यात कापून घेतले. प्रवासाचे पैसे वडिलांनी दिले.

सरळ धावेत संघ मधल्या फळीत राहिला. सहनशक्तीची शर्यत गाडीने पूर्ण केली, आणि तिथे पोहोचलेल्या अनेक गाड्यांना ते साधले नव्हते. परीक्षकांनी हे प्रमाण का निवडले, असे विचारले तेव्हा मुलाने वहीबरोबर मागाचे उदाहरणही सांगितले, असे तो परतल्यावर म्हणाला. वडील ते ऐकून काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यातील दोन सहकाऱ्यांना घेऊन ते गाडीचे फोटो दाखवायला माझ्याकडे आले.

आपल्या वस्तीतील मुले अशा स्पर्धांसाठी वर्गणी मागायला आता आपल्याही दवाखान्यांत येऊ लागतील. पावती फाडण्यापूर्वी त्यांची वही अवश्य मागावी. तिच्यात माल कोणता हवा हे आधी आणि दात नंतर लिहिलेले आढळले, तर हात आखडता घेऊ नये, एवढीच विनंती.