दानाचाही हिसाब असावा

परभणी जिल्ह्याचा व्यापार शेतकऱ्यावर चालतो, हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. मानवत-सेलूच्या बाजारात कापूस विकला गेला की आठ-पंधरा दिवसांत परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या कापड दुकानांत गिऱ्हाईक दिसू लागते. पाऊस दगा देऊन गेला की भर लगीनसराईत दुकाने सुनी पडतात आणि उधारीची वही तेवढी जाड होत जाते. म्हणून शेतकऱ्याचा बैल, गावाचे पाणी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराचे लेकरू हे विषय आम्हा व्यापाऱ्यांना परके नाहीत. त्यांच्यासाठी जे लोक व ज्या संस्था राबतात, त्यांचे काम आमच्या धंद्याशीही जोडलेले आहे.

आमच्या समाजात देणारे हात कमी नाहीत. रमजानमध्ये जकात निघते, फित्रा निघतो. बकरी ईदला कुर्बानीची कातडी मदरशांना जातात. दुष्काळात पाण्याचे टँकर लागतात, दवाखान्यात पडलेल्या गरिबासाठी झोळी फिरते. पण दुकानात पै-पैचा हिसाब ठेवणारा माणूस दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे मात्र विचारत नाही. "अल्लाहच्या नावाने दिले, आता काय विचारायचे?" असे म्हणतो. नियत चांगली आहे, यात शंका नाही. पण चांगल्या नियतीला चांगल्या व्यवस्थेची जोड मिळाली तरच काम टिकते. आमच्याच मुलखातील काही उदाहरणांवरून हे पाहू या.

खाटकाच्या घरातील गोपालक

शेजारच्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचे गाव आहे. तेथील शब्बीर सय्यद यांना लोक प्रेमाने शब्बीरमामू म्हणतात. २०१९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, ती जनावरांच्या सेवेसाठी. त्यांचे घराणे खाटिक व्यवसायाचे. वडिलांनी तो व्यवसाय सोडला, मुलाने जनावरे सांभाळायला घेतली. सुरुवात थोड्या जनावरांवर झाली आणि पद्मश्री मिळाली तेव्हा दावणीला शंभराहून अधिक जनावरे होती.

व्यापाऱ्याने लक्ष द्यावे ते या कामाच्या रीतीकडे. शब्बीरमामू दूध विकत नसत. शेणखत विकून वर्षाला सुमारे ७०,००० रुपये मिळतात, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते. बैल शेतकऱ्याला कमी किमतीत द्यायचा, पण एक अट घालून: बैल म्हातारा झाला, कामाचा राहिला नाही, तर बाजारात न नेता परत आणून सोडायचा. ना स्टँप पेपर, ना साक्षीदार. सगळा सौदा जबानीवर. आमच्या जुन्या पेढ्यांवरही एकेकाळी असेच सौदे होत असत.

एका जनावराचा खर्च

आता थोडा हिसाब करू. २०१९ च्या दुष्काळात सरकारने चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये आणि पुढे १०० रुपये अनुदान ठरवले होते. म्हणजे दुष्काळात एक जनावर जगवायला दिवसाला १०० रुपये लागतात, हे सरकारनेच मान्य केले. या दराने १०० जनावरांना दिवसाला १०,००० रुपये आणि महिन्याला ३ लाख रुपये लागतात. वर्षाच्या शेणखताचे ७०,००० रुपये या हिसाबात सात दिवसच पुरतात. चराई आहे, पाऊस आहे, तोवर खर्च बराच कमी येतो. पण पाऊस गेला की एकट्या माणसाचे पुण्यकर्म कर्जात बुडते. अशा माणसाला हार-तुरे खूप मिळतात. त्याला खरी गरज असते ती उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत कडब्याची.

हा प्रश्न आता एका गावाचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. पूर्वी शेतकरी म्हातारी जोडी विकून त्यात थोडी भर घालून नवी जोडी आणत असे. तो मार्ग बंद झाला. कुरेशी बांधवांचा धंदा बसला. म्हशींच्या व्यवहाराला मनाई नसतानाही जनावरांची गाडी रस्त्यावर काढायला माणूस भितो. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातील कुरेशी बांधवांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि शेतकरीही अडचणीत आला. कायद्याचे बरे-वाईट विधिमंडळ आणि न्यायालये पाहतील. पण म्हाताऱ्या बैलाला उद्या सकाळी चारा कोण घालणार, हा प्रश्न आजचा आहे. ज्यांचा शेकडो वर्षांचा रोजगार जनावरांवर होता, त्यांना जनावरांची पारख इतरांहून जास्त आहे. चारा, खत, शेळीपालन, दुग्धव्यवसाय या कामांत या पारखीचा उपयोग व्हावा, यासाठी भांडवल उभे करणे हेही सेवाकार्यच आहे.

केरवाडीची स्वप्नभूमी

आता माणसांकडे वळू. पालम तालुक्यातील केरवाडी येथे सूर्यकांत कुलकर्णी यांनी सोशिओ इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि 'स्वप्नभूमी' हे काम उभे केले. अनाथ व निराधार लेकरांचा सांभाळ, मुलांचे हक्क, बालविवाहाला विरोध हे त्यांचे विषय आहेत. पालम, गंगाखेड, सोनपेठ या पट्ट्यातून दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. उचल घेतल्यावर त्यातले थोडे पैसे कपड्यांवर खर्च होतात, म्हणून ते आमचे गिऱ्हाईकही आहेत. मागे राहिलेल्या पोरीचे लग्न लवकर उरकण्याची घाई याच घरांत होते. शिक्षण सुटलेले पोर पुन्हा कोयताच हातात घेते. अशा मुलखात एका खेड्यात राहून वर्षानुवर्षे हे काम करणे सोपे नाही. आमच्यापैकी किती दुकानदारांनी केरवाडी पाहिली आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

व्यापाऱ्यांनी उभी केलेली संस्था

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मदत देशभरातून आली. त्यात भारतीय जैन संघटनेने एक वेगळे काम केले. बांधकाम व्यवसायातील शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. ब्लँकेट वाटून परत जाणे सोपे होते. पण त्यांनी मुलाच्या शिक्षणाची कित्येक वर्षे अंगावर घेतली. याच संघटनेने २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ काढला. तो गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. तलाव खोल झाले आणि मुरमाड जमिनीलाही माती मिळाली. एका खर्चात दोन कामे झाली.

ही संघटना मुख्यतः व्यापारी समाजाच्या बळावर उभी राहिली. व्यापारी जसा मालाचा, गाडीभाड्याचा आणि वेळेचा विचार करतो, तसा तिने सेवेचा केला. हे आम्हालाही जमण्यासारखे आहे.

कापडवाल्यांचे आपले काम

कापड व्यापारी व शिलाई कारागिरांसाठी 'गूंज' या संस्थेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ती सुरू केली. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थेची रीत अशी: शहरातील जुने कापड जमा करायचे, निवडायचे, दुरुस्त करायचे आणि गावाला द्यायचे, पण भीक म्हणून नव्हे. गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, तळे असे आपल्याच गावाचे काम करायचे आणि मोबदल्यात कपडे घ्यायचे. सुती कापडापासून बायकांच्या पाळीसाठी स्वच्छ पट्ट्याही तयार होतात. आपत्ती आली की आम्ही मळके, फाटके कपडे गाठोडी बांधून पाठवतो आणि मोकळे होतो. घेणाऱ्याचीही इज्जत असते, हे 'गूंज'ने दाखवून दिले.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आमच्या दुकानांत कापडाचे तुकडे व टेलर बांधवांकडे कतरण रोज निघते. दहा दुकानदारांनी एकत्र येऊन ती गोळा केली आणि मोहल्ल्यातील विधवा बहिणींकडून पिशव्या शिवून रास्त मजुरीने घेतल्या, तर कचरा कमी होईल आणि एखाद्या घरात चूल पेटेल. यासाठी मोठ्या भांडवलाचीही गरज नाही.

देण्यापूर्वी एवढे पाहावे

पहिले, संस्था नोंदणीकृत आहे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली तिचा नोंदणी क्रमांक असतो. तो पावतीवर मागावा. मशीद, दर्गाह, कब्रस्तानाची मिळकत वक्फ मंडळाकडे नोंदलेली असते.

दुसरे, हिसाब तपासलेला आहे काय? मागील वर्षाचा ऑडिट अहवाल दाखवायला चांगली संस्था का-कू करीत नाही.

तिसरे, पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत. २,००० रुपयांहून मोठ्या रोख देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही, आणि नवी कर पद्धत निवडणाऱ्याला ही वजावट मुळीच नाही. तेव्हा आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

चौथे, जकात आणि इतर दान यांची खाती वेगळी ठेवावी. जकात अडीच टक्के असून तिचे हक्कदार कुराणात आठ प्रकारचे सांगितले आहेत. जनावरांचा चारा, झाडे, इमारत यांसाठी सदका किंवा लिल्लाह रक्कम द्यावी. शंका असेल तेथे आलिमांना विचारावे.

पाचवे, वर्षातून एकदा जाऊन काम डोळ्यांनी पाहावे. उधारीच्या वसुलीला आम्ही पन्नास कोस जातो, दिलेल्या अमानतीची खबर घ्यायला तेवढे जायला हरकत नाही.

सहावे, मदत वेळेवर द्यावी. कडबा सुगीनंतर स्वस्त असतो आणि चैत्रात महाग. पोराची वह्या-पुस्तके जूनमध्ये लागतात, रमजानपर्यंत थांबत नाहीत.

दर महिन्याला विक्रीतून ठराविक रक्कम बाजूला काढून दहा-वीस दुकानदारांनी एकच काम हाती घ्यावे. पन्नास ठिकाणी पन्नास-पन्नास रुपये वाटण्यापेक्षा त्यातून एखादे लेकरू शिकेल किंवा एखादी दावण उन्हाळ्यातून तरून जाईल. व्यापारात जसे वर्षाच्या शेवटी नफा-तोटा काढतो, तसा या खात्याचाही काढावा आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. अशा कामाला माणसेही मिळतात आणि बरकतही येते.