हात आणि नजर : तरुणांच्या वाहनशिक्षणाचा भाषिक अंगाने विचार

नाशिकरोडकडून एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या वेळी दोन प्रकारची रहदारी एकमेकींत मिसळते. एक राखेच्या व इतर अवजड मालाच्या ट्रकांची. दुसरी महाविद्यालयाकडे निघालेल्या मुलामुलींच्या दुचाकींची. यांपैकी काही मुलांशी प्रस्तुत लेखकाचा परिचय आहे. त्यांतील एकास “गाडी केव्हा शिकलास?” असे विचारले असता त्याने उत्तर दिले, “शिकलो नाही सर, आठवीपासूनच येते मला.”

हे उत्तर भाषाभ्यासकाने सहज सोडून द्यावे असे नाही. ‘मला गाडी येते’ या रचनेत व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे ती गाडी. माणूस चतुर्थीत उभा आहे. पोहणे, स्वयंपाक, कानडी भाषा ही सर्व आपल्याकडे अशीच ‘येतात’. या येण्याला पायऱ्या नसतात. गोष्ट येते किंवा येत नाही. आणि एकदा आली की ती पुन्हा जात नाही. याच कुळातला दुसरा वाक्प्रचार म्हणजे ‘हात बसणे’. क्लच, गिअर आणि ब्रेक यांवर हात बसला की शिक्षण पुरे झाले, असे आपण व्यवहारात मानतो. भाषा विचार घडविते असा मोठा सिद्धान्त येथे मांडावयाचा नाही. परंतु शिकण्याविषयीची आपली कल्पना कोठे येऊन थांबते, हे या शब्दप्रयोगांत स्वच्छ दिसते, एवढे मात्र म्हणता येईल.

वस्तुतः अपघात टळतो तो हातापेक्षा नजरेमुळे. मौरंट आणि रॉकवेल या अमेरिकन संशोधकांनी १९७२ साली नवशिक्या व अनुभवी चालकांच्या डोळ्यांच्या हालचालींची तुलना प्रसिद्ध केली. नवशिक्यांची दृष्टी गाडीच्या पुढ्यातल्या रस्त्यावर खिळून राहते, दूरवर जात नाही, आणि आरशांकडे क्वचित वळते, असे त्यांना आढळले. नवशिका आंधळा नसतो. कोठे पाहावे हे त्याला ठाऊक नसते. उभ्या रिक्षाकडे पाहून अनुभवी चालकाला तिच्यातून उतरू पाहणारा प्रवासी दिसतो, नवशिक्याला केवळ रिक्षा दिसते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची स्वतंत्र चाचणी जोडण्यात आली, ती याच कारणाने. (आपल्याकडील बैलगाडी हाकणाऱ्या मुलाला ही अडचण फारशी नव्हती. बैलाला स्वतःचे डोळे असतात.)

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही. अपवाद एकच : सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसींहून अधिक शक्तीच्या आहेत. म्हणजे विधिमंडळाने सोळा ते अठरा या वयासाठी जी पायरी ठेवली होती, ती कागदावर असून व्यवहारात जवळजवळ नाहीशी झाली आहे. मुले मात्र त्या वयात गाडीवर बसतातच. घरच्यांच्या संमतीने, पुष्कळदा घरच्यांच्याच कामासाठी बसतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ ने अशा प्रसंगी पालकास अथवा वाहनमालकास दोषी धरून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. एकलहऱ्याच्या मुलांना ‘पंचवीस हजार’ हा आकडा पाठ आहे. कारावासाचे त्यांना ठाऊक नव्हते.

कायद्यातील ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ आणि तिच्यानंतरची अनुज्ञप्ती यांना लोकांनी ‘कच्चे लायसन’ आणि ‘पक्के लायसन’ अशी नावे दिली. ही नावे मला सरकारी नावांपेक्षा अधिक अर्थवाही वाटतात, कारण पिकण्याला काळ लागतो हे त्यांत गृहीत आहे. नियमांप्रमाणे कच्च्याचे पक्के होण्यास किमान तीस दिवस पुरतात. न्यूझीलंडने १९८७ साली या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था घातली. तीत नवा चालक एकटा गाडी चालवू शकतो. परंतु रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात किंवा इतरांना सोबत घेऊन चालवावयाचे असल्यास अनुभवी चालक शेजारी असावा लागतो. समवयस्क सोबती गाडीत असले की तरुण चालकाचा धोका वाढतो, हे पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. आपल्याकडील ‘ट्रिपल सीट’ या शब्दाचा येथे आपोआप विचार मनात येतो.

तर मग केवळ शिक्षण वाढविले म्हणजे झाले काय? येथे सावध राहणे अवश्य आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे गट पाडून काहींना विस्तृत शिक्षण, काहींना त्रोटक, तर काहींना मुळीच नाही, अशी योजना होती. शिक्षणाचा जो थोडा लाभ दिसला तो अल्पकाळ टिकला. शिवाय शिकलेल्यांनी परवाने लवकर काढले, म्हणजे ते लवकर रस्त्यावर आले. वाहनशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांना हा निष्कर्ष रुचला नाही. तो टाकूनही देता येत नाही. माझ्या मते त्याचा अर्थ शिक्षण व्यर्थ आहे असा नसून, हात बसविणारे शिक्षण आत्मविश्वास आधी देते आणि नजर मागाहून येते, असा आहे. आणि आपल्या देशात हा प्रश्न प्रामुख्याने दुचाकीचा आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. मोटार-ड्रायव्हिंग स्कूलचा फलक जागोजागी दिसतो. दुचाकी मात्र बहुधा चुलतभाऊ शिकवितो.

अपघातानंतरची भाषाही पाहण्याजोगी आहे. ‘गाडी घसरली’, ‘ब्रेक लागला नाही’, ‘ट्रक एकदम आला’ : या वाक्यांत बोलणारा कोठेच नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. देशभर संताप उसळला आणि तीनच दिवसांत त्या मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. संताप योग्यच होता. दोन जीव आणि तीनशे शब्द यांचा तोल कोणत्याही तराजूत बसत नाही. माझी शंका वेगळी आहे. असा निबंध ‘अपघात होतात’ याच कर्तृहीन क्रियापदाने सुरू होऊन त्यानेच संपण्याचा संभव अधिक. अपघातानंतर मागविलेल्या शब्दांचा शिक्षण म्हणून उपयोग नाही.

अपघातापूर्वी बोललेल्या शब्दांचा आहे. ब्रिटिश पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात एक जुनी रीत आहे : गाडी चालविताना समोर जे दिसते आणि त्यावरून आपण जे करणार, ते मोठ्याने बोलत जावयाचे. अशा सरावाने धोका ओळखण्याची क्षमता सुधारते, असे अलीकडच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. गेल्या हिवाळ्यात मी वर सांगितलेल्या मुलाला माझ्या स्कूटरवर मागे बसविले आणि एकलहऱ्यापासून नाशिकरोडपर्यंत जे दिसेल ते सांगत राहा, असे म्हटले. पहिली काही मिनिटे तो गप्पच होता. सांगण्यासारखे काही नाही, असे त्याचे म्हणणे. मग “ट्रक आहे”, “कुत्रं आहे”, “रिक्षा उभी आहे” अशी वाक्ये येऊ लागली, सर्व ‘आहे’ची. रेल्वे स्थानकाच्या अलीकडे गर्दी लागली तेव्हा तो एकाएकी म्हणाला, “सर, हळू. त्या रिक्षातून कुणीतरी उतरणार.”

त्या प्रवासातले ते त्याचे भविष्यकाळातील पहिले वाक्य होते.