कॅलेंडर-प्लगिनची ग्राहकसेवा : यवतमाळात बसून करण्याजोगा व्यवसाय

यवतमाळ जिल्ह्यात मुलगा पदवीधर झाला की घरात पहिला प्रश्न निघतो तो पुण्याला किंवा नागपूरला जाण्याचा. जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरणी, कापसाची दलाली हे इथले जुने धंदे. त्यांत संगणक शिकलेल्या मुलामुलींना फारशी जागा नाही. यवतमाळचे जवाहरलाल दर्डा आणि पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय येथून दरवर्षी विद्यार्थी बाहेर पडतात आणि बहुतेक जण प्रोग्राम लिहिण्याची नोकरी शोधतात. परंतु प्रोग्राम विकला गेल्यावर गिऱ्हाइकाच्या अडचणी सोडविणे हेही एक स्वतंत्र काम आहे, त्याला मोबदला मिळतो, आणि ते दिग्रस, वणी किंवा उमरखेडला राहूनही करता येते, याकडे आपल्या होतकरू तरुणांचे लक्ष कमी जाते. या कामाच्या एका शाखेची, म्हणजे वेबसाइटवर बसविल्या जाणाऱ्या कॅलेंडरच्या ग्राहकसेवेची माहिती येथे देत आहोत.

वर्डप्रेस हा वेबसाइट तयार करण्याचा मोफत प्रोग्राम २००३ साली निघाला. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. मूळ प्रोग्राम साधा आहे. ज्याला जे अधिक हवे ते तो प्लगिन बसवून मिळवितो. ट्रॅक्टर एकच असतो, मागे नांगर लावा, ट्रॉली लावा की फवारणीचा पंप लावा, तसेच हे. कॅलेंडरचा प्लगिन बसविला की शाळेच्या वेबसाइटवर परीक्षांच्या तारखा, मशिदीच्या वेबसाइटवर जमातीच्या वेळा, मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर रिकामे दिवस दिसू लागतात. 'द इव्हेंट्स कॅलेंडर' हा यांतील नावाजलेला प्लगिन मॉडर्न ट्राइब या अमेरिकन कंपनीने काढला आणि २०२१ साली तो लिक्विड वेब या कंपनीकडे गेला. आपल्याकडे मुंबईच्या टायकी सॉफ्टवेअर्सने ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकाला माल पोचविण्याची तारीख निवडता यावी असा प्लगिन तयार करून विकला.

यातील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. साधा प्लगिन फुकट असतो, जास्त सोयींचा विकत. विकत म्हणजे बहुधा एका वर्षाचा परवाना, आणि त्यात नव्या आवृत्त्या व अडचणीच्या वेळी मदत. वर्डप्रेसचे बहुतेक प्लगिन खुल्या परवान्याखाली येतात, म्हणजे त्यांची प्रत काढून वाटण्यास कायद्याने मनाई नाही. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो? माझ्या मते मुख्यतः मदतीचेच. वर्ष संपल्यावर परवाना पुन्हा घ्यायचा की नाही, हे तो ठरवितो ते अडचणीच्या दिवशी समोरून धड उत्तर आले होते की नाही यावरून. उत्तर लिहिणारा माणूस हा या धंद्यात हिशेबाबाहेरचा नोकर नव्हे, दुकानाचा गल्ला त्याच्यावर चालतो.

एक तासाची गोष्ट

आता कॅलेंडरचीच सेवा वेगळी का, ते पाहू. ३० मार्च २०२५ हा दिवस घ्या. त्या दिवशी रविवार होता. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी तेथील अनेक मशिदींत ईद-उल-फित्र होती. काहींनी ३१ तारखेला केली. समजा, लंडनच्या एका मशिदीने आपल्या वेबसाइटवर 'ईदची नमाज सकाळी ८ वाजता' अशी नोंद केली आहे. वेबसाइट बसविताना वेळेचे सेटिंग कोणी पाहिले नाही. ते सहसा मुळात असते तसेच, जागतिक वेळेच्या शून्यावर राहून गेले. हिवाळाभर काही बिघडले नाही, कारण हिवाळ्यात लंडनची वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. ३० मार्चला त्या दोन वेगळ्या झाल्या. वेबसाइटच्या पानावर आठच दिसतात, पण ज्यांनी ती नोंद मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घेतली त्यांना मोबाइल नऊ दाखवितो. नऊला पोचणाऱ्याची जमात निघून गेलेली असते.

येथे प्रोग्राममध्ये दोष काहीच नाही. तक्रार मात्र 'तुमचा प्लगिन बिघडला आहे' अशीच येते, आणि तीही रागाने. लंडनचे सकाळचे आठ म्हणजे त्या दिवशी यवतमाळचे दुपारचे साडेबारा. आपल्याकडे तेव्हा २९ वा रोजा चालू होता, ईद दुसऱ्या दिवशी झाली. अशा वेळी 'आमच्याकडे बरोबर चालते आहे' असे एका ओळीचे उत्तर पाठविणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. त्याने गिऱ्हाईक तुटते.

जाणता माणूस आधी विचारतो : आपण कोणत्या शहरात आहात, आणि चूक पानावर दिसते की मोबाइलवर? मग तो वेबसाइटच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये पाहावयास सांगतो. तेथे दोन प्रकारची निवड असते. एक शहराच्या नावाची आणि दुसरी नुसत्या तासांच्या आकड्याची. शहर निवडले तर घड्याळ केव्हा पुढे-मागे होते ते प्रोग्रामला ठाऊक असते. आकडा निवडला तर तो आकडा बारा महिने तसाच राहतो. म्हणून नेहमी शहर. पण काम इथे संपत नाही. काही प्लगिनमध्ये प्रत्येक नोंद आपली वेळेची पद्धत स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे सेटिंग सुधारले तरी आधी केलेल्या नोंदी जुन्याच राहतात; त्या वेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात. आणि ज्यांनी नोंदीची फाइल एकदाच मोबाइलमध्ये उतरवून घेतली, त्यांच्याकडे दुरुस्ती आपोआप पोचत नाही. ज्यांनी कॅलेंडरची कायमची जोडणी केली आहे त्यांच्याकडे पोचते, पण काही तासांनी. हे सर्व मशिदीच्या कमिटीला साध्या शब्दांत कळविणे, आणि नमाजींना वेगळा निरोप पाठवा असे सुचविणे, म्हणजे खरी ग्राहकसेवा.

अमेरिकेत घड्याळ बदलण्याचे दिवस निराळे आहेत. २००७ पासून तेथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. परिणामी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांतील अंतर पाचाऐवजी चार तासांचे असते. २०२५ च्या रमजानमध्ये ९ मार्चला अमेरिकेत घड्याळे पुढे गेली आणि न्यूयॉर्कचा इफ्तार सहाच्या सुमारावरून एका दिवसात सातच्या सुमाराला गेला. मोरोक्कोने २०१८ साली घड्याळ वर्षभर एक तास पुढे ठेवण्याचे आणि रमजानपुरते मागे घेण्याचे ठरविले. आपल्याकडे जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे हा हिशेब उन्हाळा-हिवाळा कायम असतो, म्हणून भारतातल्या मुलाच्या डोक्यात ही शंकाच येत नाही. या कामात प्रथम शिकावयाचे ते हेच.

सुट्टीचे दिवसही देशोदेशी बदलतात. सौदी अरेबियाने २०१३ साली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवार केली, तर संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असा बदल केला. दुबईच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर जुने सेटिंग राहिले तर रविवारी रुग्ण येतील आणि दार बंद असेल. तारीख लिहिण्याचा घोळ तर नेहमीचाच : ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन माणसाला ४ मार्च.

चंद्राची तारीख

हिजरी तारीख दाखविणारे प्लगिनही आहेत, आणि तेथे आपल्या वाचकाला इतरांपेक्षा अधिक समज असते. प्रोग्राम गणिताने तारीख काढतो, पुष्कळदा सौदी अरेबियाच्या उम्म-अल-कुरा पद्धतीने. आपल्याकडे महिना चंद्रदर्शनावर ठरतो. २०२४ साली सौदीत ईद-उल-फित्र १० एप्रिलला झाली, महाराष्ट्रात ११ ला, आणि केरळात मात्र १० लाच. म्हणून चांगल्या प्लगिनमध्ये हिजरी तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे करण्याची सोय ठेवलेली असते. ज्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही असा मदतनीस याला बिघाड समजून तासन्‌तास प्रोग्राम तपासत बसतो. उलट आपल्यातला कोणी उत्साहाने खरी तारीख कोणती यावर गिऱ्हाइकाशी वाद घालू लागेल, तर तेही चूक. ज्या मशिदीने जी तारीख जाहीर केली ती तिच्या पानावर दिसावी, एवढेच आपले काम.

नमाजच्या वेळांचे तसेच. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आहे, तर यवतमाळ ७८ अंशांच्या थोडे पुढे आणि मुंबई ७३ च्या थोडी अलीकडे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने यवतमाळचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे वीस-एकवीस मिनिटे आधी मावळतो. मुंबईची जंत्री यवतमाळच्या भिंतीवर चालत नाही हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असते. वेबसाइटवर शहर म्हणून मुंबई निवडून ठेवणाऱ्यांना ते नसते.

या कामास इंग्रजी लागते, पण भाषणाचे नव्हे. बहुतेक व्यवहार लेखी असतो. उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने आखूड, स्वच्छ वाक्ये लिहिण्याचा सराव केला तर पुरे. सोप्या प्रश्नांची उत्तरे आता संगणकीय सहायक देऊ लागले आहेत हे खरे आहे. त्यामुळे माणसाकडे येतात ती गुंतागुंतीची प्रकरणे : दोन प्लगिन एकमेकांना अडवितात, नवी आवृत्ती घेताच नोंदी दिसेनाशा होतात, दुरुस्ती झाली तरी साठवलेले जुने पानच समोर येत राहते. प्लगिन एकेक करून बंद करीत दोष शोधण्याला चिकाटी लागते, आणि तो शोध चालू वेबसाइटवर न घेता तिच्या प्रतीवर घ्यावा.

एक गोष्ट विशेष जोर देऊन सांगावीशी वाटते. गिऱ्हाईक घाईत आपला मुख्य पासवर्डच ई-मेलने पाठवून देतो. ती अमानत आहे. तो वापरू नये. तात्पुरते वेगळे खाते मागावे, हात लावण्यापूर्वी संपूर्ण बॅकअप घ्यावा, आणि काम झाल्यावर खाते बंद करावयास स्वतःच आठवण द्यावी.

भांडवल म्हणाल तर एक बरा संगणक, ब्रॉडबँड आणि वीज गेल्यास इन्व्हर्टर. परदेशातून आलेल्या रकमेचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, आणि सेवा निर्यात करणाऱ्यांस जीएसटीचे नियम वेगळे असल्याने हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. लंडनची नऊ ते पाचची कचेरी उन्हाळ्यात आपल्या दीड ते साडेनऊला येते, हिवाळ्यात अडीच ते साडेदहाला. लेखी तक्रारी रात्रभर साचतात, त्या सकाळीही निकालात काढता येतात. घर सांभाळून काम करू इच्छिणाऱ्या भगिनींना हे सोयीचे आहे.

हात बसविण्यासाठी जिल्ह्यातच गिऱ्हाईक शोधावे. शादीखाना, शिकवणी वर्ग, टिपेश्वर अभयारण्याजवळची निवासस्थाने, सर्वांनाच तारखा लागतात. कापूस महामंडळाने २०२५ साली 'कपास किसान' अ‍ॅप आणल्यापासून तारीख आधी राखून ठेवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही. आणि त्याहीआधी आपल्याच संगणकावर वर्डप्रेस बसवून लंडन शहर निवडावे, दर रविवारी सकाळी आठची एक नोंद करावी आणि ती मोबाइलमध्ये उतरवून पाहावी. मार्चच्या शेवटच्या रविवारपूर्वी यवतमाळच्या मोबाइलवर दुपारचे दीड दिसले पाहिजेत, त्या रविवारपासून साडेबारा. दोन्हीकडे दीडच दिसले, तर शहराऐवजी आकडा राहून गेला आहे असे समजावे.